ओळख, वशिला आणि काम



या अंकातला पाठ काम शोधणाऱ्या किंवा काम बदलू पाहणाऱ्या तरुणांसाठी आहे. पण मंडळीतल्या नोकरदार वडीलधाऱ्यांनीही तो वाचावा, कारण निम्मा पाठ त्यांच्यासाठीच आहे.

वस्तीवरच्या गटसभेत नोकरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते : "ताई, आपला कुठं वशिला हाय?" मंडळीत हाच विषय काढला की दुसरे वाक्य येते : "ओळखीने नोकरी लावणे बरे नाही, ज्याची पात्रता त्याला मिळावी." पहिले वाक्य बोलणारा हताश असतो, दुसरे बोलणारा प्रामाणिक असतो. दोघेही ओळख आणि वशिला एकच समजतात. त्यामुळे वस्तीवरचा मुलगा कोणाला विचारत नाही आणि मंडळीतला नोकरदार कोणाला सांगत नाही. जागा भरते ती तिसऱ्याच कोणाची तरी.

वशिला म्हणजे रांगेत पुढे उभ्या असलेल्याला मागे ढकलून आपला माणूस आत घेणे. ओळखीतून मिळतात त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे बातमी : अमुक ठिकाणी माणूस हवा आहे. दुसरी म्हणजे शब्द : हा मुलगा मला ठाऊक आहे, याचे काम मी पाहिले आहे. बातमी मिळाल्याने कोणाचा हक्क जात नाही, आणि शब्द खरा असेल तर मालकाचीही फसवणूक होत नाही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात दोन्हींची उदाहरणे आहेत. अठराव्या अध्यायात पौल करिंथ शहरात येतो. तिथे त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटते. क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोम सोडायला लावल्यामुळे तेही नुकतेच इटलीहून आलेले. त्यांचा धंदा तंबू करण्याचा, पौलाचाही तोच, म्हणून तो त्यांच्या घरी राहून काम करू लागतो. नव्या शहरात आलेल्या कारागिराला आपल्या धंद्यातल्या माणसांकडून काम मिळाले, इतकी ती साधी गोष्ट आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात असेच बस्तान बसवले : आधी आलेल्याच्या घरी उतरायचे आणि त्याच्या मागाशेजारी उभे राहून काम धरायचे.

दुसरे उदाहरण नवव्या अध्यायात आहे. शौल यरुशलेमात येतो तेव्हा शिष्य त्याला भितात, कारण त्याचा पूर्वीचा लौकिक छळ करणाऱ्याचा आहे. बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेतो आणि त्याच्याबाबत काय घडले ते सांगतो. लौकिक वाईट असलेल्या माणसाला बातमी पुरत नाही, त्याला कोणाचा तरी शब्द लागतो. पारधी, कैकाडी, टकारी समाजाच्या मुलांबरोबर काम करताना मला हा अध्याय वारंवार आठवतो. काळे, पवार, भोसले ही आडनावे ऐकून कोणाला काही कळत नाही. अडते ते पत्त्यापाशी.

हा पत्ता सोलापुरात कसा तयार झाला ते पाहू, कारण आपल्या विषयाचे मूळ तिथेच आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो वाढवत नेला. त्या कायद्याखाली सोलापुरात मोठी सेटलमेंट उभी राहिली. तारेचे कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायचे तर पास. काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. त्या मिशनने तिथे शाळा चालवली, लोकांना गिरण्यांतून कामे मिळवून दिली. हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेही. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांत सेटलमेंटचा माणूस कामाला जाई तो कचेरीमार्फत. कामाचा रस्ता एकच, आणि त्याची किल्ली एकाच्याच हातात. पाहुण्याच्या गावी जायलाही परवानगी लागे, मग परगावच्या कामाची खबर कोण आणणार? कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. तारा निघाल्या. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव शहराच्या नकाशावर आजही आहे. मात्र बाकीच्या समाजांनी ज्या काळात गावोगावी ओळखी जमवल्या, त्या काळात या लोकांच्या ओळखी कुंपणाच्या आत राहिल्या. आजच्या बेकारीत शिक्षणाच्या कमतरतेइतकाच या गोष्टीचा वाटा आहे, असे माझे मत आहे.

कुंपणाबाहेरही सगळ्यांना रस्ता मोकळा होता असे नाही. गिरण्यांमध्ये माणसे भरायचा तो जॉबर. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे, आपल्या नात्यातले लोक आणी आणि त्यांच्याकडून दस्तुरीही घेई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचे काम काढून घ्यावे अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढून धोट्यात घालावा लागे. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला होता. सांगायचे ते हे, की ओळखीने काम मिळणे ही आजची गोष्ट नाही. ती कोणाच्या बाजूने चालते आणि कोणाला बाहेर ठेवते, एवढाच प्रश्न आहे.

आता अशी ओळख असते कुठे? आपल्याला वाटते, जवळच्यांकडे : भाऊ, मेहुणा, मामा, जिवलग मित्र. १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले शंभरात जेमतेम १७ निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून सुमारे ५६, आणि क्वचित भेटणाऱ्याकडून सुमारे २८. कारण समजायला सोपे आहे. माझ्या भावाला जे माहीत आहे ते मलाही माहीत असते, आम्ही एकाच कट्ट्यावर बसतो. वर्षातून दोनदा भेटणारा माणूस दुसऱ्याच कट्ट्यावर बसलेला असतो. २०२२ साली 'लिंक्डइन' या नोकरीविषयक संकेतस्थळावरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही दूरच्या ओळखीच नोकरीसाठी अधिक उपयोगी ठरल्या. अगदीच नावापुरत्या नव्हेत, थोडीफार दुवा-सलाम असलेल्या.

अमेरिकेतले संशोधन आपल्या काय कामाचे, असे कोणी म्हणेल. म्हणून माझ्यासमोर घडलेले सांगते. मोहोळ तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवरच्या मुलाने आयटीआयतून वीजतंत्रीचा कोर्स केला. वर्षभर तो काम शोधत होता, म्हणजे दोन मेहुण्यांना आणि एका चुलत्याला विचारत होता. ते तिघे ऊसतोडीला जाणारे. त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला असता तरी वायरमनची जागा त्यांच्या कानावर येणार कुठून? मी त्याला एक कागद दिला आणि सांगितले, नातेवाईक सोडून तुला नावाने हाक मारणारी जितकी माणसे आहेत तितकी लिही. पहिल्यांदा चार नावे निघाली. मग मी विचारत गेले : आयटीआयचे निदेशक? बरोबर शिकलेली मुले? बसमध्ये रोज भेटणारा कोणी? ज्याच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करतोस तो? आईच्या बचत गटाचे काम पाहणाऱ्या ताई? नावे झाली एकतीस. त्यांत शिलाई मशिन दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. याने कधीतरी दोन दिवस त्याच्या हाताखाली काम केले होते. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मशिनची लाइन वाढवायची आहे आणि वायरिंग पाहणारा माणूस टिकत नाही, हे त्या मिस्त्रीला माहीत होते. मुलगा आता तिथे आहे. पगार फार नाही, पण फंड कापला जातो, आणि नावावर अनुभव जमतो आहे.

आपल्या शहरात असे मिस्त्री बरेच आहेत, फक्त आपण त्यांना ओळखी म्हणून मोजत नाही. टॉवेल-चादरीचे गठ्ठे उचलणारा टेंपोवाला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दहा कारखान्यांत फिरतो. कुठे रात्रपाळी सुरू झाली आणि कुठे माग बंद पडले, हे त्याला कारखानदाराच्या पुतण्याआधी कळते. आशाताई सरकारी दवाखान्यात जातात, तिथल्या परिचारिका खासगी रुग्णालयांतल्या जागा सांगू शकतात. अंगणवाडी सेविका, बँकमित्र, पुण्याच्या गाडीवरचा चालक, शाळेतले जुने सर, हे सगळे दोन-दोन, तीन-तीन जगांत वावरणारे लोक आहेत. विडी वळणाऱ्या आयाबहिणींना तर मी नेहमी सांगते, की कारखान्यात माल द्यायला जाता तेव्हा रांगेत निरनिराळ्या पेठांतल्या बायका भेटतात. मुलीच्या कामाचा विषय तिथे काढा.

जवळच्या ओळखीचा एक धोकाही समजून घ्या. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईत दादरच्या शाळांमधल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. १९९० नंतर मुंबईत इंग्रजी येणाऱ्यांना चांगल्या नोकऱ्या मिळू लागल्या होत्या. तरी कामगार जातींतल्या मुलग्यांना घरचे मराठी माध्यमातच घालत राहिले, कारण काका-मामांच्या ओळखीने मिळणारी कारखान्यातली कामे त्यांची वाट पाहत होती. मुलींसाठी अशी ओळखीची साखळी नव्हतीच. म्हणून घरच्यांनी त्यांना मोकळेपणाने इंग्रजी माध्यमात घातले, आणि मुली पुढे गेल्या. मुलग्यांना ओळखीने काम दिले आणि त्याच कामात अडकवूनही ठेवले. (इंग्रजी माध्यम चांगले की मराठी, हा वाद इथे नको. साखळीचा परिणाम तेवढा पाहावा.)

आपल्या भागात या अडकवण्याचे सर्वांत उघड रूप म्हणजे मुकादम. तो ओळखीचाच असतो, कित्येकदा भावकीतला असतो, आणि काम देतो हेही खरे. पण आधी उचल देतो. नवराबायकोचा एक कोयता धरला जातो, हंगामभर ऊस तोडून उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत जावे लागते. म्हणून मी मुलांना एक कसोटी सांगते : काम सांगणारा माणूस तुझ्याकडून काय घेतो? बातमी सांगून बाजूला होतो तो ओळखीचा. तुला पैशाने बांधून घेतो तो मुकादम, मग तो शर्ट-पँट घालून पुण्याच्या ऑफिसात का बसेना. नोकरीसाठी डिपॉझिट मागणारा, ट्रेनिंगची फी आधी भरायला लावणारा, मूळ दाखले ठेवून घेणारा, यांच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. दाखल्यांच्या झेरॉक्स द्याव्यात. मुलींना परगावी काम सांगितले असेल तर राहण्याच्या जागेचा पत्ता आणि तिथे आधी काम करणाऱ्या एखाद्या मुलीचा नंबर मागावा, आणि घरच्या कोणीतरी एकदा जाऊन पाहून यावे. खऱ्या मालकाला याचा राग येत नाही.

आता विचारायचे कसे? आपली मुले दोन टोके गाठतात. एक तर अजिबात बोलत नाहीत, नाहीतर रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर बायोडाटा टाकून खाली लिहितात, "सर काहीतरी बघा." 'काहीतरी' कोणालाच बघता येत नाही. समोरच्याने मान हलवावी आणि विसरून जावे, यासाठी हा शब्द उत्तम आहे. त्यापेक्षा असे लिहा :

"नमस्कार सर. मी २०२१ च्या बॅचचा वीजतंत्रीचा विद्यार्थी, शेवटच्या बाकावर बसायचो. कोर्सनंतर आठ महिने घरांच्या वायरिंगचे काम केले. आता कारखान्यात मेंटेनन्सचे काम शोधतो आहे, सोलापुरात किंवा चिंचोलीला, रात्रपाळी चालेल. तुमच्या माहितीत अशा कामाची माणसे कुठे लागतात, किंवा मी कोणाला भेटावे, हे सांगाल का? उद्या दुपारनंतर फोन केला तर चालेल का?"

यात नोकरी मागितलेली नाही, माहिती मागितली आहे. नोकरी देणे त्या सरांच्या हातात नसते, त्यामुळे नोकरी मागितली की ते संकोचतात. माहिती देणे प्रत्येकाच्या हातात असते, आणि कोणाला भेटावे हे विचारले की बहुतेक माणसे एखादे तरी नाव देतात. ते नाव घेऊन पुढच्याकडे जाताना "अमुक सरांनी तुम्हाला भेटायला सांगितले" असे म्हणायचे, पण सरांना विचारूनच. काम झाले तर सांगायला जायचे, नाही झाले तरी फोन करायचा. हा दुसरा फोन आपली मुले करत नाहीत. त्यांना वाटते, काम झाले नाही तर कोणत्या तोंडाने बोलायचे? वास्तविक त्या फोनमुळेच माणूस लक्षात राहतो आणि पुढची जागा निघाली की आठवतो.

याचा अर्थ सरळ रस्ते सोडावेत असा नाही. जिल्हा कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्राकडे नोंदणी करा, 'महास्वयम'वर नाव घाला, रोजगार मेळाव्याला जा, जातीचा दाखला आणि पडताळणी वेळेत करून ठेवा. सरकारी भरती अर्जाने आणि परीक्षेनेच होते. तिथे ओळख सांगणारा माणूस पैसेच मागणार, हे गृहीत धरून चाला. मात्र कारखाने, दुकाने, खासगी दवाखाने यांतल्या बऱ्याचशा जागांची जाहिरात कधी निघतच नाही. मालक आधी असलेल्या कामगारालाच विचारतो, "कोणी ओळखीचा हाय का?"

आणि इथे मी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे वळते. तो प्रश्न तुम्हाला विचारला जातो. रुग्णालयात, शाळेत, बँकेत, रेल्वेत, गिरणीच्या जुन्या चाळींतून वर आलेल्या आपल्या पिढीने बऱ्यापैकी जागा मिळवल्या आहेत. तुम्हाला विचारले जाते तेव्हा पुतण्याचे नाव पहिले आठवते, त्यात वावगे काही नाही. वस्तीवरच्या कोणाचे नाव आठवत नाही, कारण तिथले कोणी तुमच्या ओळखीचे नसते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीत मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी' विचारतो असे ते सहज सांगून गेले. पारधी मुलाने आपली घरची पार्श्वभूमी काय सांगावी? त्याच्याजवळ एखादा बर्णबा असेल तर हा प्रश्न निदान थोडा सौम्य होतो.

शब्द देताना जपून द्यावा, हेही सांगते. मी स्वतः ज्या मुलाचे काम पाहिलेले नाही त्याच्यासाठी शब्द देत नाही. त्याला आधी आमच्या शिबिरात, रक्तदानाच्या तयारीत, कार्यालयाच्या रंगकामात महिनाभर घेते. वेळेवर येतो का, सांगितलेले पुरे करतो का, पैशाचा हिशेब देतो का, हे पाहते. मग मालकाला जेवढे पाहिले तेवढेच सांगते : "हा मुलगा महिनाभर रोज नऊला आला. मशिनचे काम मी पाहिलेले नाही, ते तुम्ही पाहा." जास्त स्तुती केली तर एकदा काम होते आणि दुसऱ्यांदा माझ्या शब्दाला किंमत राहत नाही. त्या किमतीवर मागून येणाऱ्या दहा मुलांचे काम अवलंबून असते. पहिला मुलगा टिकला की मालक दुसरा मागतो. शब्द देणाऱ्याने पहिल्या महिन्यात दोनदा तरी मुलाची चौकशी करावी. कारखान्यात चोरी झाली की पहिले बोट याच्याकडे वळते, हे वस्तीवरच्या प्रत्येक घराला माहीत आहे. अशा वेळी कोणीतरी जाऊन शांतपणे "आधी चौकशी करा" म्हणणारे लागते.

गटांसाठी गृहपाठ : पुढच्या सभेला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. वर आपल्याला कोणते काम हवे ते एका ओळीत लिहावे, 'काहीतरी' हा शब्द न वापरता. खाली नात्याबाहेरची निदान वीस नावे लिहावीत आणि प्रत्येकासमोर तो माणूस कुठे कुठे जातो-येतो ते लिहावे. "त्याला कुठं माहीत असणार" असे वाटून नाव खोडू नये, विचारून झाल्यावर खोडावे. त्यातल्या तीन जणांना सभेआधीच फोन करावा आणि काय उत्तर मिळाले ते सभेत सांगावे. मंडळीतल्या नोकरदारांनी आपल्या ठिकाणी कोणत्या कामांना माणसे लागतात एवढेच चिठ्ठीवर लिहून रविवारी द्यावे. या दोन्ही चिठ्ठ्या लावून पाहण्यासाठी कार्यालयात एक वही केली आहे, ती कोणालाही पाहता येईल.